मिठाचा हात

त्या घरात रंगाच्या मिठाला एकच माणूस हात लावत असे, आणि ते माणूस म्हणजे आत्या. स्वयंपाकघरातल्या मिठाशी तिला कर्तव्य नव्हतं. तिचं मीठ अंगणापलीकडच्या शेडमधलं, पत्र्याच्या मोठ्या डब्यातलं. सूत रंगवताना हंड्यात आधी रंग, मग ठरल्या वेळी तीन वाट्या मीठ. मीठ पडलं की पाण्यातला रंग सुताकडे धावतो. बेताने पडलं तर रांगेत जातो, जास्त पडलं तर धक्काबुक्की करत जातो आणि सुतावर डाग उमटतात. दोघांनी मीठ घातलं तर कोणी किती घातलं याचा पत्ता लागत नाही, म्हणून तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा नियम होता: मिठाचा हात एकच. वडिलांनंतर तो हात आत्याकडे आला आणि पस्तीस वर्षं तिच्याकडेच राहिला.

खरं तर ती आत्या भाच्याची आणि त्याच्या मोठ्या बहिणीची. पण सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला पोस्टमनसुद्धा. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत नवरा वारला तशी भावाच्या घरी परत आली. रडत बसायला तिला फुरसत मिळाली नाही, कारण आली त्या दिवशी हंडा तापलेला होता आणि हंड्यात सुताच्या लड्या फिरवायला माणूस कमी होतं. पुढे भाऊ गेला, भावजय गेली, भाचा कर्ता झाला. सूत आणणं, गिऱ्हाईक सांभाळणं त्याच्याकडे, हंडा आत्याकडे. भाच्याच्या बायकोला ती सूनबाई म्हणायची आणि तिच्यावर दिवसातून दोनदा चिडायची, त्यातलं एकदा तरी उगाच.

तिचा लाल प्रसिद्ध होता. दोन गल्ल्या सोडून चादरी विणणारा चादरवाला दुसऱ्या कोणाच्या लालाला लाल म्हणायलाच तयार नसे. ओलं सूत नेहमी गडद दिसतं, पण आत्या ओलं बघूनच वाळल्यावर काय होणार ते सांगायची. नमुन्याची लडी शेजारी धरून बघणाऱ्यांची ती मनसोक्त टिंगल करायची. एकूण, या बाबतीत बाईंना थोडा माज होता, आणि तो शोभतही होता.

तर अशा या आत्याच्या हंड्यातून, उन्हं कडक व्हायला लागली त्या सुमारास, डागाळलेलं सूत बाहेर पडलं.

पहिल्यांदा चादरवाल्याने ते परत आणलं तेव्हा तोच जास्त ओशाळला होता. वसतिगृहाच्या शंभर चादरींची ऑर्डर होती, लाल काठाच्या. लडीचा एक भाग गर्द, एक भाग फिका. आत्याने लड्या उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या आणि सूत वाईट होतं असं ठोकून दिलं. भाच्याने नवं सूत आणलं. तेही डागाळलं. मग रंगाच्या डब्यावर खापर फुटलं, डबा बदलला. तिसऱ्या खेपेला लाल आला तो असा, की काही ठिकाणी लाल आणि काही ठिकाणी शिळ्या विटेसारखा.

आत्या बुचकळ्यात पडली. डाग दोनच कारणांनी पडतात हे तिला पाठ होतं. लड्या फिरवणारा हात थांबला तर, किंवा मीठ जास्त झालं तर. हात थांबला नव्हता, दंड अजून ठणकत होते. राहिलं मीठ. आणि मीठ तर तीच घालत होती. तीन वाट्या, ना कमी ना जास्त. की तिने तीन घालून, विसरून, पुन्हा तीन घातल्या होत्या?

हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिला आई आठवली. तिचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, घरातले हसले. मग चूल पेटवून ती विसरायला लागली, तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटच्या वर्षी तिने आत्याच्या हातचं जेवून, तोंड पुसून, मोठ्या अगत्याने विचारलं होतं, तू कोणाची गं? आत्याला मरणाची भीती नव्हती. त्या प्रश्नाची होती.

भाच्याने आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिने पाटीवरची अक्षरं सगळ्यात बारक्या ओळीपर्यंत वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला लाल घाईत छापलाय असं न विचारता सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. आत्या विजयी मुद्रेने बाहेर आली. डोळे चांगले असतील तर मग बिघडलंय काय, हे भाच्याने परतीच्या वाटेवर बोलून दाखवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने खडू घेतला. एक वाटी घातली की भिंतीवर एक रेघ. तीन रेघा झाल्या की डबा बंद. रेघा बरोबर तीन भरत आणि सूत डागाळून येई. तेव्हा ती रेघांकडे टक लावून बघत बसे. वाटी घालायची आठवण राहिली आणि रेघ मारायची राहिली नाही, असं तर होत नसेल? ज्या डोक्याचा संशय, त्याच डोक्याने ओढलेल्या रेघा. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा तो कसा? चार दिवसांनी तिने ओल्या फडक्याने सगळी भिंत पुसून टाकली.

घरात तेव्हा आणखीही काळज्या होत्या. सूनबाईला सहावा महिना होता. पाय सुजत होते, रक्तदाब वर चढून बसला होता. तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी मीठ बंद करायला सांगितलं. एकीला अळणी आणि बाकीच्यांना चमचमीत असं नको म्हणून सगळ्यांनीच सोडलं. घरातली मिठाची बरणी सरळ शेजारी देऊन टाकली. गंमत म्हणजे जेवण कोणाला फारसं अळणी लागलं नाही. सवय झाली, असं सगळे म्हणाले. रक्तदाब मात्र खाली यायचं नाव घेईना. नर्सबाई सूनबाईकडे संशयाने बघत, ही चोरून लोणचं खाते की काय म्हणून, आणि सूनबाई रडकुंडीला येई.

अशात एका संध्याकाळी भाचा आपल्या मोठ्या बहिणीशी फोनवर बोलत होता. ही बहीण नदीच्या वरच्या अंगाला, दूरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायची. आत्या दाराआड घड्या घालत होती. भाचा म्हणाला, “ही वसतिगृहाची ऑर्डर कशीबशी उरकू दे, मग तिला तुझ्याकडे आणून सोडतो.” भाचा वाईट नव्हता, त्याच्या आवाजात मायाच होती. पण ‘आणून सोडतो’ हे शब्द आत्याला फार लागले. तिसऱ्या मजल्यावर ती काय करणार होती? खिडकीत बसून लोकांचे वाळत घातलेले कपडे बघणार आणि त्यांचे रंग कसे विटलेत ते कोणाला सांगणार?

सकाळी उठून तिने डबा उचलला आणि सूनबाईसमोर ठेवला.

“आजपासून मिठाचा हात तुझा.”

सूनबाई घाबरली. नको म्हणाली. आत्याने ऐकलं नाही. सूनबाईने ओठ हलवत मोजून तीन वाट्या घातल्या, आत्याने लड्या फिरवल्या, आणि डाग पडले ते पडलेच. भाचा म्हणाला, ती नवीन आहे, तिच्याकडून होणारच. सूनबाईला वाटलं आपलंच चुकलं. आणि आत्याला काय वाटलं? तिला वाटलं, पस्तीस वर्षांची सवय आहे, हिची पाठ वळल्यावर आपला हात आपोआप डब्यात गेला असणार. स्वतःवरचा विश्वास उडाला की माणूस स्वतःला कशातही दोषी धरू शकतो.

तिने घरातलं जुनं कुलूप शोधून काढलं, डब्याच्या कडीला लावलं आणि किल्ली सूनबाईच्या हातात दिली. मी मागितली तरी द्यायची नाही, असं बजावलं. सूनबाईने किल्ली बांगडीत अडकवून टाकली.

त्याच आठवड्यात सूनबाईला जवळच्या शहरातल्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. नवराबायको सकाळच्या बसने गेली. आत्याने गल्लीतल्या विहिरीचं पाणी हंड्यात भरलं, खाली जाळ केला, रंग कालवला, सूत सोडलं, आणि मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तीन वाट्या काढून ठेवायला सूनबाई विसरली आहे. किल्ली बांगडीत, बांगडी बसमध्ये. शेजारी मागायला जावं तर शेजारीण गावाला गेलेली.

आत्याने कपाळाला हात लावला. बिनमिठाच्या हंड्यात सूत गुलाबी होतं आणि पाणी लालभडक राहतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ही खेप फुकट गेली. तरी हाताला सवय, म्हणून ती लड्या फिरवत राहिली. तासाभराने तिने एक लडी वर उचलली.

लाल. टोकापासून टोकापर्यंत एकसारखा. तिचा लाल.

तिने हंड्यात बघितलं. पाणी निवळलं होतं. रंग सुतात गेला होता, जसा मीठ घातल्यावर जातो तसा.

आनंद व्हायला हवा होता, पण ती घाबरली. मीठ घातल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे मीठ घातलंय. म्हणजे मीच घातलंय आणि मला आठवत नाही. ती कुलपाकडे धावली. कुलूप जागेवर. ओढून पाहिलं, पक्कं. तिने स्वतःचे तळवे उजेडात धरले, नखांत बघितलं, हाताचा वास घेतला, आणि कोणी बघत नाही अशी खात्री करून तळवा चाटला. रंगाची कडसर चव आली. मग ती शेडच्या पायरीवर बसली आणि लहान मुलांना समजावतात तसं स्वतःला समजावू लागली. डबा बंद आहे. किल्ली इथे नाही. घरात मीठ नाही. डोकं कितीही गेलेलं असलं तरी त्याला नसलेलं मीठ घालता येणार नाही. हे बरोबर आहे ना? बरोबर आहे. मग मीठ आलं कुठून?

दुपारी ती दोघं परतली. दवाखान्यात काय सांगितलं हेही न विचारता आत्याने किल्ली मागितली. सूनबाईने वचनाप्रमाणे ती द्यायला नकार दिला. शेवटी भाच्याने कुलूप काढलं. डबा सूनबाईने आखलेल्या खुणेपर्यंत जसाच्या तसा भरलेला होता. आत्याने लाल सूत त्याच्या पुढ्यात टाकलं. तो सुताकडे बघे, डब्याकडे बघे आणि आत्याकडे बघे, आणि त्याला काही कळेना.

मग आत्याने घागरीतून विहिरीचं पेलाभर पाणी घेतलं. नेहमीसारखंच लागलं. सूनबाईने दवाखान्यातून भरून आणलेली बाटली ओट्यावर होती. आत्याने त्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हे पाणी बिघडलंय. याला काही चवच नाही.”

“मला तर तिथे ते गोड लागलं,” सूनबाई म्हणाली. “दोन पेले प्यायले, म्हणून भरून आणलं.”

भाच्याने दोन्ही पाणी आळीपाळीने चाखलं, तीनदा चाखलं, आणि कोणतं बरोबर नि कोणतं चूक हे त्याला ठरवता येईना. तेव्हा आत्याने दोन पातेली घेतली. एकात बाटलीतलं पाणी, एकात विहिरीचं, पेलापेलाभर. दोन्ही शेगडीवर ठेवली आणि आटू दिली. तिघंही उभ्याने बघत राहिली. बाटलीच्या पाण्याचं पातेलं कोरडं झालं ते जवळजवळ स्वच्छच. विहिरीच्या पाण्याच्या तळाशी पांढरा थर धरला. आत्याने नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

मीठ होतं.

तिच्या छातीवरचा दगड उतरला. ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. भाच्याच्या दंडावर चापट्या मारत म्हणाली की मी विसरले नव्हते, तीन म्हणजे तीनच घालत होते, विहीर माझ्याआधी घालत होती. कित्येक आठवड्यांत ती इतकं बोलली नव्हती. डॉक्टरांना, मोठ्या भाचीला, चादरवाल्याला, सगळ्यांना जाऊन सांगायचं होतं तिला.

सूनबाई पातेल्यात बघत होती. तिने अगदी हळू विचारलं, “मग आत्या, मी सहा महिने काय पितेय?”

आत्याचं हसू तिथेच थांबलं.

नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पोरीला त्या विहिरीचा एक थेंबही देऊ नका, आणि हेही म्हणाल्या की या गल्लीत रक्तदाबाची अकरा माणसं आहेत आणि मी अकराही जणांना लोणच्यावरून बोलत आले. दोन दिवसांनी पाणीखात्याचा माणूस खारेपणा मोजायची एक कांडी घेऊन आला, विहिरीत बुडवली, आकडा बघितला आणि मान हलवली. नदीला वरून पाणी पूर्वीसारखं येत नाही, तिकडे पाऊसच धड होत नाही, असं त्याने सांगितलं. नदीचा जोर कमी झाला की समुद्र आत सरकतो, पात्रातून आणि जमिनीखालूनही.

आत्याला ते पटेना. समुद्र बसने दोन तासांवर. तिने आयुष्यात तो दोनदा पाहिला होता. एक लाट नाही, एक शिंपला नाही, आणि म्हणे समुद्र आपल्या विहिरीत येऊन बसला! आला तर आला, पण न सांगता? तिने त्या माणसाला विचारलं, परत कधी जाणार? तो म्हणाला, नदी भरली की थोडा मागे जातो. मग नदी कधी भरणार? त्याने आकाशाकडे बघितलं, कांडी पुसली आणि चहा न घेताच गेला.

बातमी गल्लीत पसरली तेव्हा कोणाला हसावं की रडावं कळेना. साबणाचा फेस येत नाही म्हणून बायकांनी तीन साबण बदलले होते आणि दुकानदाराशी भांडल्या होत्या. पोस्टमनच्या अंगणातली केळ जळली तेव्हा त्याने बायकोला दोष दिला होता, तू जास्त पाणी घालतेस म्हणून. कोणाची डाळ शिजत नव्हती, कोणाच्या बादल्या गंजत होत्या. ज्याला त्याला वाटत होतं की आपल्याच हातून काहीतरी चुकतंय. कधीपासून हे सुरू झालं, यावर दारात उभं राहून पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणे यंदा, कोणी म्हणे तीन वर्षं झाली. चव इतकी हळूहळू बदलली होती की जिभा तिच्या मागोमाग गेल्या आणि कोणाला पत्ता लागला नाही.

आत्याने वसतिगृहाचं सूत पुरं केलं, मिठाच्या डब्याला हात न लावता. चादरवाला ते बघून म्हणाला, हा आपला लाल, आणि कोणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाला. डबा परत आत्याकडे आला. भाच्याला वाटलं, चला, तीन वाट्या मिठाचीच बचत. पण पुढच्याच आठवड्यात सूत पुन्हा डागाळलं. विहिरीतलं मीठ एक दिवस कमी, एक दिवस जास्त. आत्या रोज पहाटे पातेल्यात पाणी आटवून थर बघायची आणि अंदाज बांधायची. दुपारपर्यंत पाणी बदललेलं असायचं. पस्तीस वर्षं जे तिने बोटांवर ठेवलं होतं ते आता कुठल्या वाटीने मोजायचं, हेच तिला समजेना. पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी एकदा. प्यायला जेमतेम पुरायचं. हंडे भरायला कुठून आणणार?

सूनबाईचे पाय टँकरच्या पाण्याने थोडे उतरले. टँकर चुकला की पुन्हा सुजायचे. एका रविवारी भाचा शेडमध्ये येऊन पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं की ताईच्या शहरात एका कापडाच्या गोदामात त्याच्यासाठी काम आहे. नळाला गोडं पाणी आहे. बाळंतपण तिथेच होईल. हंडे भंगारवाल्याला विचारून ठेवले आहेत. शेडला कुलूप लावू.

आत्या सुकलेल्या लड्यांच्या गाठी सोडवत राहिली.

“आत्या, माझं चुकलं गं,” भाचा म्हणाला. “मी तुझ्या डोक्यावर संशय घेतला. तुझं डोकं शाबूत आहे. आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे.”

हेच ऐकायला ती आठवडेच्या आठवडे तळमळली होती. आता ते ऐकून तिला कसलंच समाधान झालं नाही. हे असं का व्हावं, तिचं तिलाही कळेना. तिने हातातली लडी खाली ठेवली आणि भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बिघडलेलंच असतं तर बरं झालं असतं रे,” ती म्हणाली. “एकट्या मला नेऊन सोडलं असतंस, आणि तुम्ही सगळे इथेच राहिला असता.”

तेवढ्यात सूनबाईने आतून हाक मारली, टँकर आला होता. दोघंही घागरी घ्यायला उठली.